वारसा, उपसर्ग आणि कौंडिण्याचे ताक

प्रोग्रॅमिंगविषयी मराठीत लिहिताना आणि शिकवताना 'इनहेरिटन्स' या संज्ञेसाठी 'वारसा' हा शब्द आता इतका रुळला आहे, की त्याच्याकडे कुणी पुन्हा पाहत नाही. तो सोपा आहे, घरगुती आहे, आणि इंग्रजी शब्दाचा तंतोतंत प्रतिशब्द आहे. दोष नेमका इथेच आहे. आपण इंग्रजी शब्दाचे भाषांतर केले, त्या शब्दामागच्या वस्तूचे केले नाही. मूळ इंग्रजी शब्द हेच एक सैल रूपक होते. ते रूपक आपण शंका न घेता उचलले आणि त्याच्या सगळ्या खाचखळग्यांसह मराठीत आणले. या लेखाचे म्हणणे एवढेच, की 'वारसा' हा शब्द त्या यंत्रणेबद्दल चुकीची माहिती देतो, त्या चुकीच्या माहितीतून प्रोग्रॅममध्ये खऱ्याखुऱ्या चुका होतात, आणि याहून नेमके शब्द आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत आधीपासून पडून आहेत.

ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे वस्तुकेंद्री पद्धतीत प्रोग्रॅमची रचना 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' यांच्या आधारे होते. क्लास म्हणजे नमुना, ऑब्जेक्ट म्हणजे त्या नमुन्यावरून घडलेली एकेक वस्तू. एस.टी.चे 'तिकीट' हा एक क्लास मानू. कुठून, कुठे आणि भाडे किती हा त्यातला मजकूर. भाडे काढणे ही त्याची क्रिया. आता 'सवलतीचे तिकीट' हा दुसरा क्लास करायचा आहे. पहिल्यातले सगळे त्यात हवेच, फक्त भाडे काढण्याची रीत वेगळी: पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, महिलांना अर्धे. मग सगळे पुन्हा न लिहिता आपण म्हणतो, 'सवलतीचे तिकीट' हे 'तिकीट'वरून घडले आहे, बदल तेवढा सांगतो. या सोयीला इनहेरिटन्स म्हणतात, आणि मराठीत वारसा.

आता हा शब्द ज्यांच्या कानावर पडतो त्यांचा विचार करू. पनवेल-उरण पट्ट्यात 'वारस' हा पुस्तकी शब्द नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठी इथल्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या, १९८४चे शेतकरी आंदोलन झाले आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. वारस दाखला, गाव नमुना सहा-क, फेरफार, हक्कसोड पत्र हे शब्द इथल्या घराघरांत जेवताना बोलले जातात. अशा घरातला मुलगा किंवा मुलगी नवीन पनवेलच्या एखाद्या क्लासमध्ये 'वारसा' हा शब्द ऐकते, तेव्हा तिच्या मनात एक पूर्ण, तपशीलवार अर्थ आधीच तयार असतो. त्या अर्थाचे तीन खांब आहेत, आणि प्रोग्रॅमिंगमध्ये तिन्ही कोसळतात.

पहिला खांब मृत्यूचा. व्यवहारात वारस नोंद होते ती कुणाच्या तरी मृत्यूनंतर. त्यानंतर मिळालेले ज्याचे त्याचे. गेलेला माणूस परत येऊन शेताची मोजणी बदलत नाही. प्रोग्रॅमिंगमधला पूर्वज मात्र जिवंत असतो आणि वंशजाच्या पोटातच बसलेला असतो. त्याच्यात आज बदल केला, की उद्या सगळ्या वंशजांचे वागणे बदलते.

दुसरा खांब वाटणीचा. दोन भाऊ असले तर शेताचे दोन हिस्से होतात. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हक्क मिळतो, मृत्यूची वाट पाहावी लागत नाही, असा आक्षेप मिताक्षरेची माहिती असलेला वाचक घेईल, आणि तो रास्त आहे. पण तिथेही नवा सहदायाद जन्मला की इतरांचा हिस्सा घटतो. क्लासच्या बाबतीत हिस्सा घटत नाही. एका क्लासवरून दहा क्लास घडवले तरी प्रत्येकाच्या प्रत्येक वस्तूत पूर्वजाचा संपूर्ण भाग स्वतंत्रपणे असतो. सी प्लस प्लस या भाषेत तर याहून चमत्कारिक प्रकार आहे. एका क्लासला दोन पालक देता येतात. त्या दोघांचा आजा एकच असेल, तर नातवाच्या पोटात तो आजा दोनदा येतो. एकदाच हवा असेल तर तसे आगाऊ, मधल्या पिढीतच सांगून ठेवावे लागते. हे न कळलेला विद्यार्थी आज्याच्या एका प्रतीत रक्कम लिहितो आणि दुसऱ्या प्रतीतून वाचतो, आणि रक्कम गेली कुठे म्हणून रात्रभर शोधत बसतो.

तिसरा खांब हक्कसोडीचा. माणसाला वारसा नाकारता येतो; बहिणी भावांना हक्कसोड पत्र लिहून देतात, मग ते स्वखुशीने असो वा नसो. क्लासला मात्र हक्कसोड नाही. पूर्वजाचे जे उघड आहे ते सगळे घ्यावे लागते. जावा भाषेच्या मूळ ग्रंथालयातच याचे ठळक उदाहरण आहे. तिथे 'स्टॅक' म्हणजे चवड हा क्लास 'व्हेक्टर' म्हणजे यादी या क्लासवरून घडवला आहे. चवडीचा धर्म असा, की ताट वर ठेवायचे आणि वरचेच उचलायचे. यादीत मात्र मधे कुठेही घुसता येते. चवडीला यादीचे सगळे हक्क आपोआप मिळाल्याने जावाच्या चवडीत कुणीही मधले ताट ओढून काढू शकतो. ही चूक भाषेच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे; जुने प्रोग्रॅम मोडतील म्हणून ती काढता येत नाही. त्याच ग्रंथालयात न बदलता येणाऱ्या याद्या आहेत. त्यांनाही 'भर घाल' ही क्रिया घ्यावी लागली आहे, आणि ती वापरली की 'हे जमत नाही' असा दोष त्या प्रोग्रॅम चालू असताना फेकतात. नाकारता येत नाही म्हणून स्वीकारून मोडायचे, असा हा मार्ग.

मग हा शब्द आला कुठून? वस्तुकेंद्री पद्धतीची पहिली भाषा सिम्युला. नॉर्वेत ओस्लोच्या संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी १९६७ साली तिला जे रूप दिले त्यात क्लास होता, उपक्लास होता, पण हे नाते सांगायला त्यांनी जो शब्द वापरला तो वारसा नव्हता. तो होता 'प्रीफिक्स', म्हणजे उपसर्ग. सिम्युलात नवा क्लास लिहिताना आधीच्या क्लासचे नाव त्याच्या अगोदर जोडत, जसा 'हार'च्या आधी 'प्र' जोडावा. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक ही भाषा घडली. तिच्या १९७२च्या पहिल्या रूपात ही सोय मुळी नव्हतीच. १९७६च्या रूपात ती आली, आणि त्या परंपरेत इनहेरिटन्स हा शब्द रूढ झाला. १९७९ साली बेल प्रयोगशाळेत सी प्लस प्लसच्या कामाला लागलेल्या ब्यार्ने स्ट्रोस्त्रुप यांनी उपक्लास आणि अधिक्लास हे शब्दही टाळले, कारण कोण वर आणि कोण खाली यात घोळ होतो: 'उप' म्हणवणाऱ्या क्लासमध्ये 'अधि'पेक्षा मजकूर जास्त असतो. त्यांनी 'बेस' आणि 'डिराइव्हड' हे शब्द घेतले.

इथे मराठी वाचकाचे कान टवकारले पाहिजेत. डिराइव्हड शब्दाला आपल्या व्याकरणात प्रतिशब्द आहे: साधित. मो. के. दामले यांच्या १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत शब्दसिद्धीच्या प्रकरणात सिद्ध आणि साधित शब्द हा भेद शिकवला जातो, आणि साधित शब्दांत उपसर्गघटित हा पहिला प्रकार असतो. म्हणजे ओस्लोच्या आणि बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी जी उपमा घेतली ती कुटुंबाची नव्हती. शब्द घडवण्याची होती. तिचे दोन्ही मराठी शब्द आपल्याला आठवीपर्यंत शिकवलेले असतात. तरी आपण तिसरे, सर्वांत सैल रूपक भाषांतरासाठी निवडले.

हा केवळ नावाचा वाद नाही. उपसर्गाचे रूपक घेतले की यंत्रणेविषयी योग्य प्रश्न सुचतात. आहार, विहार, प्रहार, संहार: धातू एक, पण अर्थ पूर्णाने ठरतो. तुकडा अर्थ ठरवत नाही, घडलेला शब्द ठरवतो. यंत्रातही हेच घडते. सी प्लस प्लसमध्ये सामान्यतः प्रत्येक क्लासमागे क्रियांच्या पत्त्यांची एक सारणी असते, आणि प्रत्येक वस्तूत त्या सारणीकडे बोट दाखवणारा एक लपलेला दर्शक असतो. साधित क्लास घडतो तेव्हा त्याची सारणी आधारक्लासच्या सारणीसारखीच मांडली जाते. ज्या क्रिया बदलल्या असतील त्यांच्या जागी तेवढे नवे पत्ते येतात. वस्तूला 'भाडे काढ' सांगितले की यंत्र दर्शकावरून सारणीत जाते आणि तिथे जो पत्ता असेल ती क्रिया करते. आज्ञा कुणी दिली याने काही फरक पडत नाही. अगदी आधारक्लासच्या स्वतःच्या पोटातून आलेली आज्ञाही साधित क्लासच्या सारणीतूनच जाते.

या शेवटच्या वाक्यात या पद्धतीचा सर्वांत फसवा सापळा आहे. काल्पनिक उदाहरण घेऊ. वाहकाच्या 'तिकीटयंत्र' या क्लासमध्ये दोन क्रिया आहेत: 'एक तिकीट दे' आणि 'गटाला तिकिटे दे'. त्यावरून आपण 'मोजणीयंत्र' घडवतो. दोन्ही क्रियांत आधी मोजणीत भर घालायची आणि मग काम आधारक्लासकडे सोपवायचे, असे लिहितो. चार जणांचे कुटुंब चढते. आपण मोजणीत चार मिळवून काम वर सोपवतो. आधारक्लासची गटाची क्रिया आतून चार वेळा 'एक तिकीट दे' म्हणते. पण वस्तू मोजणीयंत्राची, सारणी मोजणीयंत्राची. म्हणून ती हाक आपल्याच क्रियेकडे परत येते आणि दर वेळी आणखी एक मिळवते. प्रवासी चार, मोजणी आठ. चूक सापडल्यावर आपण गटाच्या क्रियेतली भर काढून टाकतो आणि हिशेब जुळतो. पुढच्या वर्षी तिकीटयंत्र लिहिणारा वेग वाढवण्यासाठी गटाची तिकिटे एकदम छापू लागतो. त्याच्या दृष्टीने काहीच बदललेले नाही. आपली गटाची मोजणी मात्र शून्यावर येते.

जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा' (२००१) या पुस्तकाने वेगळ्या उदाहरणातून हा सापळा सर्वांसमोर मांडला, आणि साधित क्लास घडवण्याऐवजी जुनी वस्तू नव्या वस्तूच्या आत ठेवून वापरा, असा सल्ला दिला. सल्ला चांगलाच आहे. पण 'वारसा' शिकलेल्याला तो पटत नाही, कारण बापाने आपल्या घरातल्या घरात काय करावे याच्याशी मुलाचा काय संबंध, असे त्याला वाटते. शब्दघडणीच्या दृष्टीने पाहणाऱ्याला तो लगेच पटतो: घडलेल्या शब्दात मूळ शब्द सुटा उरतच नाही.

बदललेल्या क्रियेचा, म्हणजे ज्याला ओव्हरराइड म्हणतात त्याचा प्रश्नही व्याकरणकारांना जुनाच होता. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांत सामान्य नियम म्हणजे उत्सर्ग, आणि विशेष नियम म्हणजे अपवाद, अशी मांडणी आहे. अपवादाने उत्सर्गाला किती हटवायचे, या चर्चेत पतंजलीच्या महाभाष्यात एका जेवणावळीचा दाखला येतो, तो तक्रकौंडिण्यन्याय म्हणून प्रसिद्ध आहे. पंगतीला दही वाढायला सांगितले आहे, आणि कौंडिण्यासाठी ताकाची सूचना आहे. कौंडिण्यही पंगतीतलाच. मग त्याला दोन्ही वाढायचे, की ताकच? व्याकरणकारांचे उत्तर: ताकच. विशेष सूचनेने सामान्य सूचना त्याच्यापुरती हटते. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या भाषांतरामुळे महाभाष्य मराठीत वाचता येते. प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्याने त्यातली ही चर्चा एकदा वाचावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कारण आजच्या भाषांना हाच प्रश्न विचारला तर उत्तरे एकसारखी नाहीत. साध्या क्रियेच्या बाबतीत जावा, सी प्लस प्लस, पायथन या तिन्हींत बदललेली क्रिया जुनीला हटवते. दही हवे असेल तर कौंडिण्याने स्वतः मागायचे. (सी प्लस प्लसमध्ये त्यासाठी मूळ क्रिया 'व्हर्च्युअल' म्हणून जाहीर केलेली असावी लागते, नाहीतर आज्ञा कोणत्या नावाच्या दर्शकातून आली यावर उत्तर बदलते.) सिम्युलात क्लासच्या मुख्य भागापुरता प्रकार उलटा होता: आधी उपसर्गाचा भाग चालायचा, आणि त्याने आपल्यात 'इनर' हा शब्द जिथे ठेवला असेल तिथे साधित क्लासला जागा मिळायची. म्हणजे आधी दही, आणि ताक कधी वाढायचे तेही यजमान ठरवणार. अधिकार आधाराचा की साधिताचा, या प्रश्नावर दोन परंपरा आहेत. 'वारसा' या शब्दात हा प्रश्नच उमटत नाही.

वस्तू जन्माला घालणाऱ्या क्रियेत, म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये, गोंधळ आणखी वाढतो. जावा आणि सी प्लस प्लसमध्ये तिथे दोन्ही वाढले जाते: आधी आधारभाग उभा राहतो, मग साधित. पायथनमध्ये साधित क्लासने स्वतःची आरंभक्रिया लिहिली, तर आधाराची आपोआप होत नाही. ती मागावी लागते, आणि विसरली तर वस्तू अर्धवट उभी राहते. आता समजा, आधारभाग उभा राहत असतानाच त्याने साधित क्लासने बदललेली एखादी क्रिया बोलावली. सी प्लस प्लसमध्ये त्या क्षणी वस्तूचा दर्शक आधाराच्याच सारणीकडे असतो, म्हणून जुनी क्रिया होते. जावात वस्तू पहिल्यापासून साधित क्लासचीच धरली जाते, म्हणून नवी क्रिया होते, पण त्या वेळी साधित भागातले आकडे अजून शून्य आणि संदर्भ रिकामे असतात. शब्द तोच, वाक्य जवळजवळ तेच, परिणाम वेगळा. एक भाषा शिकून दुसरीत गेलेला माणूस इथे हमखास अडखळतो.

पाणिनीच्या व्यवस्थेतली आणखी एक कल्पना इथे उपयोगी आहे. ज्याच्या जागी दुसरे येते तो स्थानी, आणि जे येते तो आदेश. आदेश हा स्थानीसारखा मानावा, काही ठरावीक अपवाद सोडून, असा तिथे नियम आहे. त्याला स्थानिवद्भाव म्हणतात. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ साली मांडलेले आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखले गेलेले तत्त्व याच्या शेजारी ठेवून पाहावे: जिथे आधारक्लासची वस्तू चालते तिथे साधित क्लासची वस्तू ठेवली, तर प्रोग्रॅमच्या अपेक्षा मोडता कामा नयेत. जावाची चवड मोडते ती या कसोटीवर उलट्या बाजूने: ती यादीसारखी वागायला बांधलेली आहे, म्हणून चवडीसारखी वागू शकत नाही. 'वारसा आहे की नाही' असे विचारून हे कळत नाही. 'जागी बसतो का' असे विचारले की कळते.

इथे एक इशारा आवश्यक आहे. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे परदेशी संशोधकांनी सिद्ध केले, असा मजकूर आपल्याकडे वर्षानुवर्षे फिरतो. त्याचे मूळ रिक ब्रिग्ज यांच्या १९८५च्या एका लेखात आहे. तो लेख ज्ञानाची मांडणी कशी करावी याबद्दल आहे, संस्कृतात प्रोग्रॅम लिहिण्याबद्दल नाही. माझे म्हणणे त्या जातीचे नाही. पाणिनीने क्लासचा शोध लावला नाही, आणि ओस्लोच्या शास्त्रज्ञांनी अष्टाध्यायीवरून काही उचलले नाही. सामान्य नियम, विशेष नियम आणि त्यांचा क्रम हा प्रश्न दोघांसमोर होता, म्हणून एकाचे शब्द दुसऱ्याला उपयोगी पडतात, एवढेच.

आणि हे शब्दही सगळीकडे पुरत नाहीत. सी प्लस प्लसमध्ये सवलतीच्या तिकिटाची नक्कल साध्या तिकिटाच्या जागेत केली तर सवलतीचा भाग मुकाट्याने छाटला जातो. त्याला व्याकरणात जोड नाही, ती स्मरणातल्या जागेच्या मापाची गोष्ट आहे. तसेच आधाराच्या नावाने वस्तू नष्ट करायला सांगितली आणि आधाराची नाशक्रिया 'व्हर्च्युअल' नसली, तर काय होईल याबद्दल भाषेचे नियम कोणतेच आश्वासन देत नाहीत. गंमत अशी, की मृत्यूचा प्रश्न जिथे खरोखर येतो तिथेच वारशाची भाषा काही बोलत नाही.

काही शिक्षक म्हणतील, शब्द कोणताही असो, मुले शेवटी इंग्रजी संज्ञाच वापरतात. हे खरे आहे, पण त्या संज्ञेमागचा पहिला अर्थ मुले मातृभाषेतच लावतात, आणि तो लवकर पुसला जात नाही. म्हणून माझी सूचना साधी आहे. बेसला आधारक्लास आणि डिराइव्हडला साधित क्लास म्हणावे. इनहेरिटन्सला साधन किंवा घडण म्हणावे. ओव्हरराइडला अपवाद म्हणावे आणि शिकवताना कौंडिण्याची पंगत मांडावी. 'कुत्रा हा प्राणी आहे' या वाक्याने हे प्रकरण सुरू करण्याची रूढी सोडावी, कारण कुत्रा प्राणी आहे याबद्दल कुणाला शंकाच नसते, आणि जिथे शंका नाही तिथे विचार नाही. त्याऐवजी विचारावे: चवड ही यादी आहे का? मोजणीयंत्राने चार प्रवाशांचे आठ कसे केले? आणि फळ्यावर सारणी काढून, एकेक पत्ता खोडून, विद्यार्थ्याकडूनच उत्तर काढून घ्यावे.